माझ्या मापवहीत आहे, ते शासनाच्या दप्तरी का नाही?

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री आणि मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्यातल्या सर्व महानगरपालिका आणि नगरपालिका

विषय : कोरोनाच्या काळात मुलांची वाढलेली वजनं आणि त्यानंतर कोणीच न घेतलेली दखल

महोदय,

मी शिवणकाम करते. वर्षभर ब्लाउज आणि फॉल-पिको, मे-जूनमध्ये शाळेचे गणवेश. आमच्या भागातल्या दोन-तीन शाळांची मुलं माझ्याकडे येतात, त्यामुळे त्यांची मापं माझ्याकडे वर्षानुवर्षं लिहिलेली आहेत. पानाच्या डाव्या बाजूला नाव आणि इयत्ता, उजवीकडे छाती, कंबर, सीट, उंची. हे पत्र मी त्या वहीच्या जोरावर आणि नववीतल्या एका मुलाची आई म्हणून लिहिते आहे.

निमित्त झालं यंदाच्या वेळापत्रकाचं. मुलाच्या शाळेत आठवड्याला पीटीचे दोन तास होते. त्यातला एक आता जादा गणिताला दिला आहे. त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर निरोप आला की प्रगतिपुस्तकात भरण्यासाठी मुलांची उंची आणि वजन पालकांनी घरूनच कळवावं. असा निरोप २०२२ पासून दर वर्षी येतो. शाळेचं नाव मी लिहीत नाही. माझ्याकडे येणाऱ्या आयांना विचारलं, तर त्यांच्या मुलांच्या शाळांतही हेच चाललंय.

पूर्वी असं नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर निळ्या ऑइल पेंटने उंचीची पट्टी रंगवलेली होती. पीटीचे सर मुलांना बूट काढून ओळीने उभं करायचे, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरायचे, मग काट्यावर उभं करून आकडा सांगायचे आणि मॉनिटर तो लिहून घ्यायचा. माझ्या मुलाच्या तिसरीच्या प्रगतिपुस्तकात फेब्रुवारी २०२० चा आकडा आहे : उंची १२७ सेंटिमीटर, वजन २६ किलो. पुढच्या, चौथीच्या पानावर ‘वर्गोन्नत’ असं लिहिलंय आणि उंची-वजनाचे दोन्ही रकाने रिकामे आहेत. शाळा उघडल्यावर इमारतीला नवा रंग दिला, त्यात ती निळी पट्टी गेली. पीटीचे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा तो सव्वाआठ वर्षांचा होता. आमचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. त्याच्या बाबांचा पगार अर्ध्यावर आला. मी पुढच्या खोलीत मास्क शिवत बसायचे आणि त्याचा ऑनलाइन वर्गही त्याच खोलीत. मशीनच्या आवाजाने बाई रागवतात म्हणून तो मोबाइल घेऊन पलंगाच्या टोकाला भिंतीला टेकून बसायचा. सकाळी टेकलेली पाठ दुपारी जेवायलाच उठायची. घरात दोरीवरच्या उड्या मारून बघितल्या. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना छातीचा त्रास होता, त्यांनी हात जोडून सांगितलं, मग आम्ही दोरी ठेवून दिली. सोसायटीच्या घसरगुंडीला नायलॉनची रस्सी गुंडाळून गाठ मारली होती. ती गाठ मला गॅलरीतून रोज दिसायची.

भाजी दोन-दोन दिवस मिळायची नाही. बटाटे, कांदे, मैदा, रवा भरून ठेवलेला. चार वाजता तो म्हणायचा, भूक लागली. खरं तर त्याला कंटाळा आलेला असायचा, आणि कंटाळ्यावर द्यायला माझ्याकडे बिस्किटाचा पुडा सोडून काही नव्हतं. तो खातोय, शांत बसलाय, अंगात ताप नाही, एवढ्यावरच त्या दिवसांत मी देवाचे आभार मानत होते. आमच्या इमारतीतली दोन माणसं त्या आजाराने गेली. तेव्हा २०२० सालच्या बंदबद्दल मी आपल्याशी भांडत नाही. माझं भांडण त्यानंतरचं आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये शाळा उघडणार असं कळलं आणि माझ्या दारात रांग लागली. प्रत्येकीच्या हातात २०१९ चा गणवेश. मुलांचे कपडे शिवताना मी कमरेला दोन इंच माया ठेवते, पोर वाढलं की उसवून सैल करता यावं म्हणून. त्या आठवड्यात माया पुरली नाही. आतली सगळी सोडली तरी हुक लागेना. दोन वर्षांत कमरेला दोन-अडीच इंचांची वाढ मी नेहमी बघते. त्या पानांवर पाच, सहा, एका ठिकाणी आठ इंचांचा फरक लिहिलेला आहे. माझ्या मुलाची कंबर २२ वरून २९ वर गेली होती. दवाखान्यातल्या काट्यावर त्याचं वजन ४३ किलो भरलं, उंची १३७. म्हणजे २२ महिन्यांत १७ किलो. या वयाचं मूल साधारण वर्षाला दोन-तीन किलोने वाढतं.

त्याच वहीत उलटी पानंही आहेत, तीही सांगायला हवीत. महापालिकेच्या शाळेत जाणाऱ्या काही मुलांना २०१९ चा गणवेश २०२१ मध्ये कमरेला तसाच बसला, फक्त लांबी कमी पडली. शाळेतली गरम खिचडी बंद होऊन घरी कोरडा तांदूळ आणि डाळ जायला लागली, आणि ज्या घरात कमावणारा बसून होता तिथे ती सगळ्या घरात वाटली गेली. एकाच गल्लीतली ही मुलं. काही फुगली, काही सुकली, आणि दोघांचीही नोंद माझ्यासारखीच्या वहीतच राहिली.

आता एक गोष्ट लिहिते, जी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. मुलाच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट पट्टा दिसायला लागला होता. मला वाटलं, मळ आहे. डाळीचं पीठ झालं, लिंबाची फोड झाली, शेवटी नारळाच्या शेंडीने मी ती मान घासली. तो रडायचा, मी रागवायचे, अंघोळ नीट करत नाहीस म्हणून. तापासाठी दवाखान्यात नेलं तेव्हा मुलांच्या डॉक्टरांनी त्याची कॉलर खाली करून बघितली आणि म्हणाले, “ताई, हा मळ नाही. घासू नका.” अंगात इन्सुलिन नीट लागू पडेनासं झालं की मानेवर आणि काखेत कातडी अशी जाड, काळपट, मखमलीसारखी होते, आणि वेळीच वजन आवरलं नाही तर पुढे मधुमेहाचा धोका असतो, हे मला त्या दिवशी कळलं. मूल दहा वर्षांचं होतं. मानेवर माझ्या घासण्याचे ओरखडे होते. वर्षातून दोनदा कोणीतरी त्याला काट्यावर उभं केलं असतं, आकडा बघून मला बोलावलं असतं, तर मी त्या मानेशी तसं वागले नसते.

नातेवाईक म्हणाले, आईने लक्ष द्यायला हवं होतं. माझ्या वाट्याचा दोष मी घेते. पण नंतर मी वाचत गेले तसं समजलं की हे माझ्या एकटीच्या घरात झालेलं नव्हतं. इंग्लंडमध्ये दर वर्षी शाळेत जाऊन ४-५ वर्षांच्या आणि १०-११ वर्षांच्या मुलांची उंची-वजनं घेतात. तिथे २०१९-२० मध्ये लहान गटात लठ्ठ मुलं ९.९ टक्के होती, पुढच्याच वर्षी १४.४ टक्के झाली. मोठ्या गटात २१ टक्क्यांची २५.५ टक्के झाली. अमेरिकेत २ ते १९ वर्षांच्या ४,३२,३०२ मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा महामारीत त्यांच्या बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) वाढीचा वेग जवळजवळ दुप्पट झालेला दिसला, आणि सर्वांत मोठा फटका ६ ते ११ या वयाला बसलेला. माझा मुलगा नेमका त्याच वयाचा होता. एवढ्या देशांतल्या आया मार्च २०२० मध्ये एकदम हलगर्जी झाल्या, असं तर कोणी म्हणणार नाही. शाळेच्या दिवसांपेक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचं वजन जास्त वाढतं, हे तिकडच्या संशोधकांनी आधीच दाखवलेलं होतं. शाळा असली की उठण्याची, खाण्याची, खेळण्याची, झोपण्याची वेळ ठरलेली असते. आमच्या मुलांना पावणेदोन वर्षांची सुट्टी मिळाली आणि त्या सुट्टीत खेळायलाही बंदी होती.

इंग्लंडच्या आकड्यांतली पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. २०२१-२२ मध्ये तिथला लहान गट १०.१ टक्क्यांवर, म्हणजे जवळपास जागेवर आला. मोठा गट २३.४ पर्यंतच उतरला. धाकट्यांचं आपोआप उतरलं, थोरल्यांचं पूर्ण उतरलं नाही. त्यांनी मोजलं म्हणून त्यांना कळलं की कोणाकडे लक्ष द्यायचं. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते, तिच्यात पाच वर्षांखालच्या बाळांची वजनं घेतात आणि पंधरा वर्षांपुढच्या मोठ्यांची घेतात. मधली दहा वर्षं, म्हणजे शाळेचीच वर्षं, तिच्यात नाहीत. बाळांपुरतं सांगायचं तर आपल्या राज्यात जादा वजनाची बाळं २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झाली. खुंटलेल्या वाढीची बाळं त्याच वेळी शंभरात पस्तीसच्या घरात आहेत. सात, दहा, बारा वर्षांच्या मुलांचं काय झालं, हे विचारायला मी कोणत्या कचेरीत जाऊ?

आपल्या मुलांना याचा धोका जास्त आहे, हेही पुण्यातच शोधलेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला बारीक आणि आत चरबी, अशी आपली घडण. म्हणून तर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ च्या वाढीच्या तक्त्यांत जादा वजनाची रेषा खाली धरली. आपलं मूल ‘अंगाने भरलेलं’ वाटतं, तेव्हा ते बऱ्याचदा त्या रेषेच्या वर गेलेलं असतं. आजीच्या डोळ्याला ते गुटगुटीत दिसतं. म्हणूनच काटा लागतो.

आता माझी गाऱ्हाणी मांडते.

पहिलं आणि सर्वांत मोठं मोजण्याबद्दलचं आहे. मुलांचा अभ्यास बुडाला हे आपल्या लक्षात आलं. १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, चाचण्या झाल्या. ते योग्यच केलंत. माझ्या मुलाचे भागाकार त्यातच सुधारले. पण बसून बसून जे शरीर बिघडलं, त्याच्यासाठी सेतू आला नाही. मुलांच्या आरोग्य तपासणीच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून झाली. चांगली योजना आहे, पण ती सरकारी आणि अनुदानित शाळांपर्यंतच जाते. माझा मुलगा विनाअनुदानित शाळेत आहे, त्याला कोणी तपासायला आलेलं नाही.

दुसरं, उघडण्याच्या क्रमाबद्दल. ४ मे २०२० ला दारूची दुकानं उघडली. ५ ऑक्टोबरला हॉटेलं आणि बार, २५ ऑक्टोबरला दसऱ्याच्या दिवशी जिम. शहरांतल्या पहिली ते सातवीच्या मुलांना शाळेसाठी तारीख मिळाली ती १ डिसेंबर २०२१. आमच्याकडे घंटा वाजेपर्यंत महिन्याचा मध्य उजाडला आणि जानेवारीत पुन्हा शाळा बंद झाली. दुकानावर ज्यांचं पोट आहे त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, माझंही पोट शिलाईवर आहे. पण त्या यादीत मूल शेवटी का होतं, याचं उत्तर मला हवं आहे.

तिसरं, मैदानांचं. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला खेळाचं मैदान हवं असं लिहिलेलं आहे. मुलाच्या शाळेच्या मैदानावर आता अर्ध्या भागात स्कूलबस उभ्या असतात. आमच्या वॉर्डातलं मैदान दिवाळीपासून प्रदर्शनं आणि लग्नांना भाड्याने जातं, आणि मांडव निघाला की खिळे आणि खड्डे उरतात. सुट्टीच्या दिवशी शाळांची फाटकं बंद. गाड्या वाढल्यामुळे गल्लीत खेळायची सोय उरली नाही. मग आम्ही मुलांना ‘मोबाइल ठेव आणि बाहेर जा’ म्हणतो, तेव्हा ते विचारतात, कुठे?

चौथं, शाळेच्या फाटकाबाहेरचं. मे २०१७ मध्ये राज्य शासनाने शाळेच्या कँटीनमधून तळलेले, अति गोड, अति खारट पदार्थ हद्दपार करायचा निर्णय काढला. २०२० च्या केंद्राच्या नियमांत तर शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत असे पदार्थ विकायला मनाई आहे. मुलाच्या शाळेपासून दहा पावलांवर चिप्सच्या माळा लटकतात आणि रंगीत सरबताच्या पिशव्या मिळतात. मी गाडीवाल्यांच्या पोटावर पाय द्या म्हणत नाही. त्यांना तिथेच फुटाणे, शेंगदाणे, पेरू, उकडलेली कणसं विकायला मदत करा. नियम लिहून झालेला आहे, तो बघायला माणूस येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आणि एक गाऱ्हाणं चेष्टेचं. ‘जाड्या’, ‘ढोल्या’ ही नावं मुलांनी ठेवली, पण पहिल्यांदा ती वर्गात मोठ्या माणसाच्या तोंडून आली. माझा मुलगा तेव्हापासून डबा वर्गात उघडत नाही. पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणतो. ज्या मुलाला खेळाची सर्वांत जास्त गरज, तेच मूल लाजेने बाजूला बसतं, आणि मग त्याला आळशी म्हणतात.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

राज्यातल्या प्रत्येक शाळेत, मग ती कोणत्याही बोर्डाची आणि कोणाच्याही मालकीची असो, वर्षातून दोनदा शिकवलेल्या माणसाने मुलांची उंची-वजनं घ्यावीत. आमचे सर आकडा मोठ्याने सांगायचे, तसं आता नको. पडद्याआड, एकेकाला बोलावून, आणि निकाल बंद पाकिटात पालकांकडे. बारीक आणि जाड, दोन्हीकडची मुलं त्यात कळतील. मुलांची नावं झाकून तालुकावार आणि वॉर्डवार बेरजा दर वर्षी लोकांसमोर ठेवाव्यात.

पीटीचा तास दुसऱ्या कोणत्याही विषयाला द्यायला मनाई करावी आणि क्रीडाशिक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्यात. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असा खेळ हवा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. आठवड्याच्या एका तासात ते कसं बसवायचं?

संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी शाळांची मैदानं वस्तीतल्या मुलांना उघडी ठेवावीत. महापालिकेच्या मैदानांवर शाळेच्या दिवसांत भाड्याचे कार्यक्रम नकोत. विकास आराखड्यात मैदानासाठी राखलेल्या जागांची यादी प्रत्येक वॉर्ड कचेरीबाहेर लावावी, आणि आज त्या जागेवर काय उभं आहे तेही शेजारी लिहावं.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि महापालिकेच्या मोठ्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस या मुलांसाठी मोफत तपासणी असावी. बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मुलांशी बोलणारा समुपदेशक, तिघं एका जागी. आमच्यासारख्यांना खासगी आहारतज्ज्ञाची फी परवडत नाही. मिळालेल्या तक्त्यात ओट्स आणि ब्रोकोली असते, तीही परवडत नाही. भाकरी, उसळ, ताक, पालेभाजी यांत बसणारा तक्ता द्या.

शेवटची मागणी पुढच्या संकटासाठी. स्पेनमध्ये मुलं सहा आठवडे घरात कोंडलेली होती. २६ एप्रिल २०२० पासून तिथल्या सरकारने १४ वर्षांखालच्या मुलांना रोज एक तास, घरापासून एक किलोमीटरच्या आत, मोठ्या माणसाबरोबर बाहेर पडायची मोकळीक दिली. आजार तिकडेही होताच. आपल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात मुलांच्या या तासाची तरतूद आत्ताच लिहून ठेवावी, म्हणजे वेळ आली की कोणाला सुचण्याची वाट बघावी लागणार नाही.

माझा मुलगा आता बराच सावरला आहे. रोज संध्याकाळी बाबांबरोबर चालायला जातो, मानेवरचा पट्टा फिका झाला आहे. त्यासाठी मला सांगणारे एक डॉक्टर भेटले म्हणून. माझ्या वहीत ज्या मुलांच्या मापांपुढे मी २०२१ मध्ये लाल पेनाने खूण केली होती, त्यांतली काही यंदा दहावीत आहेत. त्यांच्या आयांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही, आणि कापड लावून कंबर वाढवून देण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

शाळेने मागितलेलं वजन मी घरून कळवणार नाही. यंदाच्या प्रगतिपुस्तकातले ते दोन रकाने मी कोरे ठेवून सही करणार आहे, आणि माझ्याकडे गणवेशाला येणाऱ्या आयांनाही तसंच करायला सांगते आहे. काटा घेऊन आपला माणूस शाळेत येईल, त्या दिवशी ते भरले जातील. तोवर माझी वही आपल्या अधिकाऱ्यांना बघायची असेल तर मी दाखवायला तयार आहे. मुलांची नावं तेवढी झाकून देईन.

आपली,
गणवेश शिवणारी एक आई